वेळासचे पाहुणे

घरी पाहुणा आला की खर्च वाढतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाहुण्यासाठी घरातला चांगला तांदूळ निघतो, ठेवणीतले अंथरूण निघते आणि आईचा अर्धा दिवस चुलीपुढे जातो. परंतु पाहुण्यांच्या येण्यामुळे एखाद्या गावाच्या चुली नीट पेटू लागल्या, असे कोणी सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. कोकणात असे एक गाव आहे. त्या गावाला पाहुणे दोन प्रकारचे येतात. काही समुद्रातून येतात, तर काही रस्त्याने. पहिल्यांचे रक्षण केल्यावाचून दुसरे येणार नाहीत, आणि दुसरे आल्यावाचून पहिल्यांचे रक्षण होणे कठीण. हे कसे घडले, ते या पाठात पाहू.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेस मंडणगड तालुका आहे. तेथे सावित्री नदी समुद्राला मिळते. नदीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला उभा आहे. त्याच्या दक्षिणेस, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत, वेळास हे लहानसे गाव वसले आहे. पेशवाईतील प्रसिद्ध मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, तांबड्या मातीच्या पायवाटा, कौलारू घरे, शेणाने सारवलेली अंगणे आणि सुरूच्या बनापलीकडे समुद्राची अखंड गाज, असे त्याचे रूप आहे.

डोळ्यांना सुखविणारे हे रूप पोटाला मात्र पुरत नसे. कोकणात पाऊस उदंड पडतो, परंतु शेते लहान, उताराची आणि बहुधा एकाच पिकाची. म्हणून घरातील कर्ता पुरुष मुंबईस जाई, गिरणीत काम करी आणि महिन्याकाठी मनीऑर्डर धाडी. पोस्टमन दारात आला की घरात दिवाळी होई. १९८२ साली मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि कोकणातील कित्येक घरांचा हा आधार तुटला. गावात राहून चार पैसे कसे मिळवावे, हा प्रश्न तेव्हापासून अधिकच बिकट झाला.

आता समुद्रातून येणाऱ्या पाहुण्यांची ओळख करून घेऊ. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे हिवाळ्यात या किनाऱ्यावर अंडी घालण्यासाठी येतात. रात्री भरतीच्या पाण्याबरोबर मादी वाळूवर येते. भरतीचे पाणी पोहोचणार नाही अशी जागा ती निवडते आणि मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते. त्यात ती शंभर ते दीडशे अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजविते, अंगाच्या भाराने वाळू दाबून सारखी करते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा ती घरट्याकडे वळूनही पाहत नाही. अंडी उबविण्याचे काम उन्हाने तापलेली वाळूच करते. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर पडतात आणि क्षितिजावरील उजेडाच्या रोखाने समुद्राकडे धावू लागतात. वाटेत खेकडे, कुत्री, कोल्हे व पक्षी टपलेले असतात, आणि पाण्यात मोठे मासे असतात. हजारांतील एखादेच पिलू वाढून मोठे होते, असे जाणकार सांगतात.

या शत्रूंत माणसाचीही भर पडली होती. सकाळी वाळूवर मादीच्या पायांची नक्षी दिसली की तिच्या मागाने जाऊन लोक घरटे उकरीत. अंडी खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी नेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने समुद्रकासवाला आणि त्याच्या अंड्यांना संरक्षण दिले. परंतु कायदा कागदावर लिहिलेला असतो. काळोख्या रात्री किनाऱ्यावर पहारा देण्यासाठी माणूसच लागतो. शिवाय ज्याच्या घरी सकाळची चिंता आहे, त्याला केवळ कायदा सांगून काय उपयोग?

२००२ साली चिपळूण येथील ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांचा अभ्यास करीत कोकणच्या किनाऱ्याने फिरत होते. श्री. भाऊ काटदरे हे त्यांचे प्रमुख. वेळासच्या वाळूत त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी करता अंडी चोरीस जातात, हे कळले. त्यांनी गावकऱ्यांची समजूत घातली आणि गावातीलच काही जणांवर रक्षणाचे काम सोपविले. हे रक्षक पहाटे किनारा चालून नवी घरटी शोधीत. सापडलेली अंडी जाळीच्या कुंपणात, पूर्वीच्याच खोलीचा खड्डा खणून, अलगद ठेवीत. प्रत्येक खड्ड्याजवळ दिनांक आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावीत. पिले बाहेर आली की ती समुद्राकाठी नेऊन सोडीत.

काम चांगले होते. परंतु एक मोठी अडचण उरलीच. अंडी वाचली म्हणून गावाच्या हाती काय पडणार? परोपकार काही दिवस चालतो. तो पिढ्यान्‌पिढ्या चालावयाचा असेल तर त्यात करणाऱ्याचेही हित असावे लागते. यातून २००६ साली ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोकांनी वेळासला यावे, गावकऱ्यांच्या घरीच उतरावे, त्यांच्याच घरचे जेवावे आणि त्याचे मूल्य द्यावे, अशी ही साधी योजना होती.

मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर एका मार्च महिन्यात मी माझ्या दोन नातवंडांना घेऊन वेळासला गेलो. आम्ही एका वृद्ध बाईंच्या घरी उतरलो. मुले त्यांना लगेच आजी म्हणू लागली. संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर गेलो. पुष्कळ मंडळी दोरीच्या अलीकडे उभी होती. रक्षकाने घरट्यांवर ठेवलेल्या टोपल्या एकेक करून उचलल्या. एकीखालीही पिलू नव्हते. मुलांचे चेहरे उतरले. एक गृहस्थ थोड्या रागाने म्हणाले, “आम्ही इतक्या लांबून आलो, पैसे खर्च केले. वाळू थोडी बाजूला करून एखादे पिलू दाखवा ना!”

रक्षकाने नम्रपणे उत्तर दिले, “साहेब, राहायला जागा देणे आमच्या हाती आहे, पोटभर जेवू घालणे आमच्या हाती आहे. पिलू कधी वर यावे हे आमच्या हाती नाही. ते त्याच्या वेळेलाच येईल.”

वाळू उकरून दाखविली असती तर ते गृहस्थ खूश झाले असते. कदाचित त्यांनी बक्षीसही दिले असते. परंतु ज्याच्यासाठी पाहुणे येतात, त्यालाच पाहुण्यांसाठी दुखवावयाचे नाही, हे त्या रक्षकाला नीट उमगले होते.

रात्री ओटीवर पंगत बसली. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि सोलकढी असा बेत होता. जेवण झाल्यावर माझ्या नातवाने धीटपणे विचारले, “आजी, पूर्वी इथले लोक कासवाची अंडी खरंच नेत असत का?”

आजी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “खोटं कशाला सांगू, बाळा? नेत असत. चार पैसे मिळाले तर मीठमिरचीचा खर्च भागत असे. पोटात भूक असली की कासव दिसत नाही, अंडंच दिसतं.” आणि माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “गुरुजी, अंडं एकदाच विकता येतं. वाचवलं तर दर वर्षी पाहुणे घेऊन येतं.”

अर्थशास्त्राच्या मोठ्या ग्रंथांतही याहून सोप्या शब्दांत ही गोष्ट सांगितलेली मी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो. दुसरीच टोपली उचलली आणि मुलांच्या तोंडून आनंदाचा उद्गार निघाला. वाळूने माखलेली, तळहातावर सहज मावतील एवढी सहा पिले तेथे वळवळत होती. रक्षकाने ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडली. ती अडखळत, थांबत, पुन्हा चालू लागत. एक लाट आली आणि दोघांना घेऊन गेली. सर्वांत मागे राहिलेले पिलू पाण्यात शिरेपर्यंत एवढ्या गर्दीत कोणी बोलले नाही. कालचे रागावलेले गृहस्थही आपल्या लहान मुलीला खांद्यावर घेऊन स्तब्ध उभे होते.

आता या महोत्सवाचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका पाहुण्याने घरधनिणीला १०० रुपये दिले. त्यांतील ३० रुपयांचे दूध, भाजी व नारळ तिने शेजाऱ्यांकडून घेतले. २० रुपये भाकऱ्या भाजावयास मदतीला आलेल्या बाईला दिले. २० रुपये गावच्या दुकानात वाणसामानापायी गेले. उरलेले ३० रुपये तिच्या घरी राहिले. त्यांतून मुलाच्या वह्या आल्या. म्हणजे एका पाहुण्याचे पैसे निदान चार घरांत पोहोचले. ज्या बाईला २० रुपये मिळाले, तिने ते गावातल्याच शिंप्याला दिले, तर तेच पैसे पाचव्या घरी गेले. पैसा गावात जितका अधिक हातांतून फिरतो, तितका तो अधिक जणांच्या उपयोगी पडतो.

आता दुसरे चित्र पाहा. समजा, बाहेरच्या एखाद्या धनिकाने किनाऱ्यावर मोठे हॉटेल बांधले. धान्य शहरातून आणले, नोकर शहरातून आणले आणि नफाही शहरात नेला. पाहुणे हजारोंनी आले, तरी गावात काय राहील? मोटारींची धूळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि आटलेल्या विहिरी. आड पाण्याने भरलेला असला तरी घागर गळकी असेल, तर घरी पाणी पोहोचत नाही. पर्यटनाचेही असेच आहे. गावात किती पाहुणे आले हा पहिला प्रश्न नव्हे. त्यांच्या पैशांपैकी किती गावात राहिला आणि तो किती घरांत पोहोचला, हा पहिला प्रश्न होय. ज्याच्या घरी पाहुण्यासाठी वेगळी खोली नाही, अशा गरिबालाही रक्षक, वाटाड्या, भाजीवाला किंवा स्वयंपाकी म्हणून काम मिळाले, तरच त्या गावातील दारिद्र्य कमी झाले असे म्हणता येईल.

या धंद्याला मर्यादाही आहेत, हे विसरून चालणार नाही. कासवांची पिले वर्षातील थोडेच महिने बाहेर येतात. त्यामुळे गावाला वर्षभर पोसण्याचे काम एकटा महोत्सव करू शकत नाही. २०२० साली तर कोकणावर दोन संकटे लागोपाठ आली. मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि पाहुण्यांचे येणे थांबले. ३ जूनला निसर्ग नावाचे चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. रायगड जिल्ह्यात आणि दापोली-मंडणगडच्या भागात घरांची कौले उडाली व नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळाचे झाड लावले म्हणजे फळासाठी काही वर्षे वाट पाहावी लागते. त्या वर्षी एक गोष्ट सर्वांना कळून आली. पाहुण्यांच्या भरवशावर शेती सोडणे धोक्याचे, आणि केवळ शेतीवर विसंबणेही धोक्याचे. शेती, बागायत आणि पर्यटन ही एकमेकांना आधार देणारी असावीत. एक खचले तर दुसऱ्याने घर सावरावे.

पाहुण्यांची जबाबदारीही लहान नाही. वेळासच्या किनाऱ्यावर पिलांना हात लावावयाचा नाही, त्यांच्या वाटेत उभे राहावयाचे नाही, छायाचित्र घेताना प्रखर प्रकाश पाडावयाचा नाही. हे नियम कठोर वाटतील, पण ते सकारण आहेत. उजेड पाहून पिले दिशा ठरवितात. किनाऱ्यावर दिव्यांचा झगमगाट असेल तर ती समुद्र सोडून जमिनीकडे भरकटतात. आपण ज्या घरी उतरतो ते घर आहे, बाजार नव्हे, याचेही भान ठेवावे लागते. आपल्या घरी आलेल्या पाहुण्याने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे आपण दुसऱ्याच्या गावी वागावे.

वेळासचे पाहून अंजर्ले यांसारख्या इतर गावांतही लोक कासवांची पिले पाहावयास जाऊ लागले. परंतु प्रत्येक गावाला समुद्र नसतो. मग ज्यांना समुद्र नाही त्यांनी काय करावे? सातारा जिल्ह्यातील पाचगणीजवळचे भिलार हे गाव स्ट्रॉबेरीच्या शेतीसाठी प्रसिद्ध होते. मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या पुढाकाराने ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथील घरांत व देवळात मराठी पुस्तकांची कपाटे मांडली आहेत. कोणीही यावे, बसावे आणि वाचावे. योगायोग असा की, संयुक्त राष्ट्रसंघाने त्याच २०१७ सालाला विकासासाठी शाश्वत पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले होते. शाश्वत म्हणजे टिकणारे. आजच्या नफ्यासाठी उद्याचे मूळ भांडवल खाऊन टाकीत नाही, ते पर्यटन शाश्वत.

मुलांनो, तुमच्या गावातही असे काही असेल. जुनी बारव असेल, देवराई असेल, पक्ष्यांनी भरलेले तळे असेल, एखाद्या कारागिराचे कसब असेल किंवा डोंगरावरचा पडका किल्ला असेल. रोजच्या सहवासामुळे आपल्याला त्याची किंमत वाटत नाही. कदाचित आज तेथे कचरा पडत असेल. त्याची माहिती जमवा, ते स्वच्छ राखा, वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारा. पाहुणे केव्हा येतील ते आज सांगता येणार नाही. परंतु ज्याने आपली ठेव जपली नाही, त्याच्याकडे पाहुण्यांना दाखविण्यासारखे काहीच उरत नाही.

वेळासहून निघताना आजींनी नातवंडांच्या हातावर दोन नारळ ठेवले. मी पैसे देऊ लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात मागे सारला. त्या म्हणाल्या, “राहण्याजेवण्याचे दिलेत, ते घेतले. हे मुलांना, घरचे म्हणून.” पाहुणचाराचा व्यवसाय झाला, तरी त्या घरातला पाहुणचार मात्र संपला नव्हता.

शब्दार्थ
मुत्सद्दी – राजकारणात कुशल. गाज – समुद्राचा सतत येणारा आवाज. वाडी – नारळ, पोफळी यांची बाग. घरधनीण – घराची मालकीण. बारव – पायऱ्यांची मोठी विहीर. देवराई – देवाच्या नावाने राखलेले वन.

अभ्यास
१. वेळास गावाला येणारे दोन प्रकारचे पाहुणे कोणते? त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे?
२. कारणे द्या : (अ) केवळ कायदा करून कासवांची अंडी वाचली नाहीत. (आ) किनाऱ्यावर प्रखर दिवे लावू नयेत. (इ) पाहुण्यांच्या भरवशावर शेती सोडणे धोक्याचे आहे.
३. “अंडं एकदाच विकता येतं. वाचवलं तर दर वर्षी पाहुणे घेऊन येतं.” हे वाक्य कोण कोणाला म्हणाले? त्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. गळक्या घागरीचा दृष्टान्त लेखकाने कशासाठी दिला आहे?
५. ‘परोपकार’ या शब्दाची फोड ‘पर + उपकार’ अशी होते. याच रीतीने ‘महोत्सव’ आणि ‘मुख्याध्यापक’ या शब्दांची फोड करा.
६. तुमच्या गावातील किंवा शहरातील जपण्यासारख्या एका स्थळाची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा. त्या स्थळामुळे कोणाकोणाला काम मिळू शकेल, तेही सांगा.